गवतातले शेजारी



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर फाटकाजवळ एका काकूंनी आम्हांला गाठलं. "खरं सांगा," त्या म्हणाल्या, "शनिवारी सकाळी तुम्ही दोघं दफनभूमीत पोटावर झोपून काय करत होता? आमचा नातू बघून घाबरून पळत आला घरी."

आम्ही एका माशीचा फोटो काढत होतो. हे उत्तर ऐकून काकूंची काळजी कमी झाली नाही, उलट वाढली असावी. म्हणून हा लेख. दर महिन्याला इथे आम्ही एखादा शास्त्रभाग घेऊन चार शब्द लिहितो. या वेळी थोडं आमच्या छंदाविषयी, आणि त्या छंदामुळे आमच्या पदरी पडलेल्या एका लाजिरवाण्या गोष्टीविषयी.

आधी गुडघ्यांचं सांगून टाकतो. आमच्यापैकी एकाचे गुडघे गेली सहा वर्षं मिस्सेत टेकत नाहीत. बाकावर बसूनच प्रार्थना होते, आणि फादरांनी तशी मोकळीक दिली आहे. पण गवतात एखादा नाकतोडा दिसला की तेच गुडघे कुरकुर न करता जमिनीला लागतात. फादरांनी हे एकदा बघितलं. बोलले काही नाहीत, फक्त हसले. ते हसू आम्हांला अजून आठवतं.

छंदाची सुरुवात एका मुंगीपासून झाली. निवृत्तीनंतर मुलीने पुण्याहून फोनवर चिमट्यासारखं लावायचं एक छोटं भिंग पाठवलं. काहीशे रुपयांची वस्तू. अंगणातल्या कढीपत्त्यावर एक काळी मुंगी फिरत होती, तिचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला. पाय मोजले तर आठ. पुन्हा मोजले, आठच. मुंगीला सहा पाय असतात हे आपण चौथीत शिकलेलो. ती मुंगी नव्हतीच. मुंगीचं सोंग घेतलेला तो कोळी होता. कंबर मुंगीसारखी बारीक, आणि पुढचे दोन पाय मुंगीच्या मिशांसारखे वर धरून हलवत चालायचं. मुंग्या चावतात, आंबट लागतात, म्हणून पुष्कळ प्राणी त्यांच्या वाटेला जात नाहीत. या सोंगाने कोळ्याचा जीव वाचतो. तो कढीपत्ता आम्ही बारा वर्षं रोज तोडत होतो. बारा वर्षांत त्याच्यावर कोण राहतं हे आम्ही एकदाही बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही अडकलो.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. सकाळी लवकर जावं. रात्रीच्या गारव्याने किडे जड झालेले असतात, ऊन अंगात मुरेपर्यंत उडत नाहीत. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. एकाच फोटोवर थांबू नये: वरून, बाजूने आणि जमलं तर तोंडाकडून, असे तीन तरी काढावेत, आणि ज्या झाडावर तो बसला आहे त्या झाडाचाही एक, कारण ओळख पुष्कळदा किड्यापेक्षा झाडावरूनच पटते. आणि श्वास रोखायचा. आमच्या वयाला हेच सर्वांत अवघड आहे.

मग तो फोटो आय-नॅचरलिस्ट नावाच्या संकेतस्थळावर चढवायचा. तिथे आपण आपल्या समजुतीने नाव द्यायचं आणि वाट बघायची. जगात कुठेतरी बसलेला एखादा जाणकार ते बघतो, आणि पटलं तर होकार देतो. आपल्याखेरीज निदान आणखी एकाने तेच नाव दिलं, आणि नावं देणाऱ्यांत दोन तृतीयांशापेक्षा जास्त लोकांचं एकमत झालं, तरच ती नोंद अभ्यासायोग्य धरली जाते. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय गोष्ट शाबीत धरू नये, हे मोशेच्या नियमशास्त्रात आहे, आणि आपल्या प्रभूनेही ते भावाभावांतल्या तंट्याबद्दल सांगितलं आहे. एका माणसाच्या डोळ्यांवर विसंबू नये. आमच्या डोळ्यांवर तर नाहीच नाही.

आमच्या चुका मोजायच्या तर हा लेख पुरणार नाही. एकच सांगतो. रुईच्या झाडावर दिसणारं नारिंगी फुलपाखरू तुम्ही सगळ्यांनी बघितलं असेल. पंखांना काळी कड, टोकाशी पांढरे ठिपके. इंग्रजीत प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. त्याची अळी रुईची पानं खाते, रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, आणि ते विष फुलपाखरातही उतरतं. पक्ष्याने एकदा चोच मारली की पुन्हा मारत नाही. म्हणून तर ते इतकं निवांत उडतं. त्याचे वर्षभरात आम्ही वीसेक फोटो चढवले. एके दिवशी केरळमधल्या एका विद्यार्थ्याने फार अदबीने लिहिलं की यातली पाच फुलपाखरं प्लेन टायगर नाहीत. त्या होत्या डॅनाइड एगफ्लायच्या, म्हणजे छोट्या चांदव्याच्या माद्या. या मादीच्या अंगात विष मुळीच नाही. ती फक्त कडव्याचे कपडे घालून फिरते. ओळखायची खूण एवढीच: कडव्याच्या मागच्या पंखावर मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात, हिच्या पंखावर एकच, तोही पुढच्या कडेशी. आणि तिचा नर? काळाभोर, पंखांवर जांभळ्या झाकेचे मोठे पांढरे ठिपके. त्याला आम्ही तिसरंच फुलपाखरू म्हणून वेगळं नोंदवलं होतं. नवरा-बायकोला आम्ही वर्षभर अनोळखी ठरवून ठेवलं होतं!

दुसरी फजिती मुलांसमोरची. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एक प्रार्थना कीटक बरणीत घेऊन गेलो. पुढचे दोन पाय जोडून, मान किंचित झुकवून बसलेला. "बघा, हा कसा प्रार्थना करतो," असं आम्ही म्हणतोय तोवर त्याने बरणीतला छोटा टोळ पकडला आणि डोक्यापासून खायला सुरुवात केली. दोन मुली रडल्या. एक मुलगा मात्र म्हणाला, "टीचर, तो प्रार्थना नव्हता करत, तो वाट बघत होता." खरंच होतं ते. ते काटेरी पाय जोडलेले असतात झडप घालायला. तेव्हापासून आम्ही किड्यांच्या तोंडी धर्म घालत नाही. कुंभारीण माशी मातीचं चिमुकलं मडकं करते, त्यात नांगीने बधिर केलेल्या जिवंत अळ्या कोंबते आणि तिची पिल्लं त्या ताज्या खातात. अशी मडकी आपल्या दफनभूमीतल्या क्रुसांवर कितीतरी आहेत. प्रेमळ देवाने हे असं का केलं असेल, हा प्रश्न चार्ल्स डार्विनला अशाच एका जातीच्या माशांमुळे पडला होता. १८६० साली त्याने आपले मित्र एसा ग्रे यांना पत्रात तसं लिहिलं. ग्रे हे अमेरिकेतले मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि श्रद्धावंत ख्रिस्ती. आमच्याकडेही उत्तर नाही. ईयोबालाही देवाने उत्तर दिलं नाही, एकामागून एक प्राणी दाखवले. आम्ही दाखवलेलं बघतो.

हा छंद आपल्या लोकांना परका नाही, हेही सांगायला हवं. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. १८५१ साली साताऱ्यात जन्मलेला, स्कॉटिश मिशनरी बापाचा मुलगा. मुंबई-पुण्यात शिकला आणि मीठ व जकात खात्यात नोकरीला लागला. बंगल्यात शिरणाऱ्या मुंग्या, बेडूक, पाली यांच्यावर त्याने इतकं खुसखुशीत लिहिलं की लोक अजून वाचतात. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांतला तो एक. पुढे कारवारकडे असताना त्याने मित्रांबरोबर फुलपाखरांच्या अळ्या पाळून त्यांची नोंद केली. गोव्याच्या सीमेवरच्या जकात नाक्यांवर हिवतापाची चौकशी करताना त्याला एक नवा डास सापडला, आणि त्या डासाला शास्त्रज्ञांनी त्याचंच नाव दिलं. आपल्या नावाचा डास! आम्ही हे घरी सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, तुमच्या नावाचा एखादा ढेकूण निघेल.

सीमेवरून आठवलं. आपल्या बेळगावात सीमा हा शब्द काढला की आवाज चढतात. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, आपलं राज्य फुलपाखरू ठरवलं. कर्नाटकाने सदर्न बर्डविंग निवडलं, मोठं, काळं आणि पिवळं. खानापूरच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर ही दोन्ही आम्हांला एकाच सकाळी एकाच ओढ्याकाठी दिसली. कोणत्या राज्यात आहोत हे कोणी कोणाला विचारलं नाही. याहून जास्त आम्ही काही म्हणत नाही, कारण पुढच्या रविवारीही आम्हांला चर्चला यायचं आहे.

आता दफनभूमीकडे येतो.

तुम्हांला माहीत आहे, २ नोव्हेंबरच्या आधी आपण स्वयंसेवक मिळून दफनभूमी साफ करतो. पावसात गवत कमरेएवढं वाढतं. पूर्वी दहा-बारा जण विळे घेऊन यायचे. माणसं कमी झाली, मजुरी वाढली, तेव्हा काही वर्षांपूर्वी तणनाशक मारायचं ठरलं. पाठीवर पंप अडकवून ते औषध मारायचं काम कोणी केलं? आम्ही. दुकानातून कॅन आणायचे तेही आम्हीच. आठवड्यात सगळं पिवळं पडायचं, आणि मेणबत्त्या लावायला आलेले लोक म्हणायचे, वा, किती स्वच्छ केलंत. तेव्हा आम्हांला ते कौतुक आवडायचं.

भिंग हाती आल्यावर त्याच गवतात आम्ही पहिल्यांदा वाकून बघितलं. कबरींच्या मधल्या वाटांवर जी घोळ उगवते, तीच जी आपण डाळीत घालून खातो, तिच्यावर त्या छोट्या चांदव्याच्या अळ्या वाढतात. एकदांडीच्या पांढऱ्या-पिवळ्या फुलांवर सकाळी नऊ वाजता इतकी छोटी फुलपाखरं येतात की मोजताना गोंधळ होतो. आमच्या आईच्या कबरीभोवती एका पावसाळ्यात आम्हांला एकतीस जाती सापडल्या. त्याच कबरीभोवती आम्ही मागच्या सालापर्यंत सगळ्यांत आधी औषध मारत होतो, आईची जागा म्हणून.

सर्वांत जास्त जीव मात्र मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात होते. तिथे रुईचं एक जुनं झाड आहे आणि त्याच्या भोवतालचं गवत कधी पूर्ण कापलेलं नसे. गवत कापायला जो माणूस येतो, तो ते सोडून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी आम्हीच पॅरिश कौन्सिलकडे तक्रार केली होती की तो काम अर्धवट करतो. आणि एकदा, तो नसताना, आम्ही तिथेही पंप चालवला. रुई एका बाजूने करपली. तिची मुळं खोल असतात, पुढच्या पावसात ती पुन्हा फुटली.

या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही त्या कोपऱ्यात एका केसाळ सुरवंटाकडे बोट नेत होतो, तेव्हा मागून तो म्हणाला, "हात लावू नका वो काका, आग उठतंय." मग त्याने आम्हांला एकेक गोष्ट दाखवली. प्रार्थना कीटकाने फांदीवर केलेलं वाळक्या फेसासारखं अंड्यांचं घरटं. ते तो कापत नाही, फांदी बाजूला वाकवतो. रुईच्या पानाखाली टांगलेला हिरवा कोष. तासभर आम्ही त्याच्या मागे फिरलो. आम्ही वर्षभरात जे शोधलं त्याहून जास्त त्याने विळा हातात धरून दाखवलं.

घरी येऊन फोटो चढवताना आम्ही ठरवलं की शोध त्याचा आहे, तर टिपणात त्याचं नाव लिहावं. आणि बोटं थांबली. आम्हांला त्याचं नाव माहीत नव्हतं. अकरा वर्षं तो येतो. अकरा वर्षं आम्ही त्याला "अरे मामा" म्हणून हाक मारतो, पाणी देतो, पैसे देतो. प्लेन टायगरचं लॅटिन नाव आम्हांला झोपेत विचारा: डॅनॉस क्रिसिपस.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव जनावरं आणि पाखरं आदामापुढे आणतो, तो त्यांना काय नावं देतो ते बघायला. किड्यांचा तिथे उल्लेख नाही. आजवर कीटकांच्या सुमारे दहा लाख जातींना नावं देऊन झाली, अजून कितीतरी बाकी आहेत. त्या यादीत आपलाही हात लागतो आहे याचा आम्हांला मोठा आनंद होता, खोटं कशाला बोला, थोडा गर्वही होता. त्या रात्री तो उतरला.

पुढच्या शनिवारी आम्ही विचारलं. त्याने नाव सांगितलं. तो आपलाच निघाला. पहाटेच्या कन्नड मिस्सेला येतो, दाराजवळच्या बाकावर बसतो. आम्ही साडेआठच्या मराठी मिस्सेला येतो, म्हणून कधी गाठ पडली नाही. मग आम्ही सहज विचारलं, तो कोपरा तू का सोडतोस? त्याने विळा खाली ठेवला. तिथे त्याची पहिली मुलगी आहे. नऊ महिन्यांची होती. दगड बसवायला तेव्हा पैसे नव्हते, पुढे राहूनच गेलं. रुई आपोआप उगवली, ती खूण झाली. "झाड हाय म्हणून जागा कळतंय," एवढंच तो म्हणाला.

आम्ही पंप मारल्याचं त्याला सांगितलं. सांगायला आठवडा लागला, पण सांगितलं. त्याला ते आधीच माहीत होतं. त्या भागात दुसरं कोण पंप घेऊन फिरतं?

त्याने क्षमा केली का, हे आम्ही विचारलं नाही. त्याने आम्हांला झाडाच्या मागच्या बाजूला नेलं आणि नव्या फुटव्यावर बसलेली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दाखवली.

सप्टेंबरमध्ये आम्ही कौन्सिलपुढे अर्ज ठेवला की या वर्षी औषध नको. चर्चा सोपी झाली नाही. फादरांनी पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्राची आठवण दिली. सृष्टी चालायला गांडुळं आणि किडेही लागतात, असं त्यात म्हटलं आहे. पण एक भाऊ उठून म्हणाले, "माझ्या बापाच्या कबरीवर गवत दिसलं तर गावाहून येणारे म्हणतील, पोरं विसरली." त्यांचे डोळे भरले होते. त्यांचं चूक आहे असं आम्हांला म्हणता आलं नाही. कबर निगुतीने ठेवणं हेही प्रेमच आहे. शेवटी ठरलं ते असं: या एका वर्षापुरतं औषध बंद, कबरी आणि वाटा विळ्याने साफ करायच्या, मागच्या भिंतीलगतचा दहा फुटांचा पट्टा डिसेंबरपर्यंत जसाच्या तसा ठेवायचा. पुढच्या वर्षी पुन्हा विचार. ते भाऊ अजून नाराज आहेत, आणि त्यांच्या वडिलांची कबर आम्ही दोघं स्वतः साफ करणार आहोत, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत.

दगडाचंही आम्ही त्याला विचारलं. वर्गणी काढू म्हणालो. तो घरी बायकोशी बोलून सांगणार आहे. झाड मात्र काढायचं नाही, ही अट त्याने आधीच घातली.

तर विळ्याने काम करायचं म्हणजे हात जास्त लागतील. येत्या शनिवारी सकाळी सात वाजता फाटकापाशी जमू. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पाण्याची बाटली आणा, मुलांनाही आणा. काकूंच्या नातवाला खास निमंत्रण आहे, भिंग त्याच्या हातात देऊ. कुठे कापायचं आणि कुठे नाही हे तो दाखवेल. त्याचं नाव इथे छापू नका अशी त्याची विनंती आहे. समोर आलात की विचारा.